दहा अंकांचा धागा

खासगीपणाविषयी घराघरांत जी मते सहज ऐकू येतात ती साधारणपणे तीन वाक्यांत मावतात: ‘आमच्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?’, ‘फोन सगळे ऐकत असतो’ आणि ‘माहिती जायची ती गेलीच आहे, आता काय उपयोग!’ पहिल्या वाक्यात निर्धास्तपणा आहे, दुसऱ्यात संशय आणि तिसऱ्यात हताशा. तरीही तिन्ही वाक्ये एकाच समजुतीवर उभी आहेत, आणि ती म्हणजे खासगीपणा हे एक गुपित असते, ते फुटले की सारे संपले. ज्याला व्यवहारात डेटा म्हणतात त्या विदेची, म्हणजे यंत्रात साठवता आणि शोधता येणाऱ्या माहितीची राखण हा ज्यांचा अभ्यासविषय आहे, त्यांना ही समजूत फार पूर्वीच सोडून द्यावी लागली. बहुतेक वेळा कोणतेच गुपित फुटत नाही. चारचौघांना ठाऊक असलेल्या किरकोळ नोंदी एकमेकींना जोडल्या जातात आणि त्या जोडणीतून असे काही निपजते की जे कोणी कोणाला कधी सांगितलेलेच नव्हते. भारतात ही जोडणी करणारा सर्वांत चिवट धागा म्हणजे दहा अंकी मोबाइल क्रमांक होय.

जोडणीने नेमका काय फरक पडतो हे समजून घेण्यासाठी गृहनिर्माण सोसायटीच्या फाटकावरची अभ्यागतांची नोंदवही डोळ्यांसमोर आणावी. लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही, तिला दोरीने बांधलेले बॉलपेन आणि पट्टीने आखलेले रकाने: तारीख, नाव, कोठून आले, कोणाकडे, मोबाइल, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. काटेकोरपणे पाहिले तर या वहीत खासगीपणा औषधालाही सापडणार नाही, कारण सही करणाऱ्याला आपल्या आधीच्या वीस जणांची नावे आणि क्रमांक सहज वाचता येतात. तरी तिने फारसे कोणाचे बिघडवले नाही, कारण अक्षर लागत नाही, ‘जाण्याची वेळ’ हा रकाना बहुधा कोराच राहतो, एखादे नाव शोधायचे तर पाने उलटत बसावे लागते आणि वही संपली की यथावकाश रद्दीत जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मधील एका निकालात अशा स्थितीसाठी जी संज्ञा वापरली तिचा मराठीत ‘व्यावहारिक अंधुकता’ असा अर्थ सांगता येईल. गावोगावच्या न्यायालयांत आणि पोलिस ठाण्यांत विखुरलेल्या सार्वजनिक नोंदी, आणि त्याच नोंदींचा एका ठिकाणी केलेला संगणकीय गोषवारा, या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे त्या न्यायालयाने मानले. त्याच फाटकावर आता रखवालदाराच्या हातात ॲप आले आहे. रकाने जवळपास तेच आहेत, पण अक्षर सुवाच्य, वेळा मिनिटाबरहुकूम आणि शोध क्षणार्धात. शिवाय अनेक सोसायट्यांची फाटके एकाच कंपनीच्या ॲपवर चालत असतील, तर एक क्रमांक टाकताच तो माणूस शहरात कोणाकोणाकडे, किती वाजता आणि किती वेळा गेला याची सलग यादी तयार होते. माहितीत एका अक्षराचीही भर पडलेली नसते, फक्त अंधुकता नाहीशी झालेली असते.

या जोडणीचे सामर्थ्य शास्त्रीय पातळीवर प्रथम ठळकपणे दिसले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात. राज्य कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने 1990 च्या दशकात रुग्णालयीन नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या आणि त्यांतून नावे आणि पत्ते काढून टाकल्यामुळे त्या निनावी झाल्या असे मानले होते. लतान्या स्वीनी या तरुण संशोधिकेने केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक या तीन बाबी दोन्ही याद्यांत ताडून पाहिल्या आणि राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद वेगळी काढली. पुढे 2000 मध्ये, जनगणनेच्या आकड्यांच्या आधारे, अमेरिकेतील सुमारे 87 टक्के लोक या तीनच बाबींवरून एकमेवपणे ओळखता येण्याजोगे आहेत, असा अंदाज त्यांनी मांडला. 2013 मध्ये इव्ह-अलेक्झांडर द माँटजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 लाख मोबाइलधारकांच्या 15 महिन्यांच्या हालचालींचा अभ्यास केला, तेव्हा स्थळ आणि वेळ यांच्या अवघ्या चार नोंदी 95 टक्के माणसांना गर्दीतून वेगळे काढायला पुरेशा ठरल्या. जन्मतारीख, टपाल विभाग, दुपारी चार वाजता कोणत्या टॉवरच्या हद्दीत होते, यांपैकी लपवण्यासारखे काहीच नाही, आणि ‘लपवण्यासारखे आहे तरी काय?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीच्या जागी बोट ठेवतो.

स्वीनी यांना तीन बाबी ताडाव्या लागल्या. भारतात एकच पुरते. ओळख क्रमांकांविषयीची येथील सार्वजनिक चर्चा मुख्यतः आधारभोवती फिरली आणि ते स्वाभाविकही होते, कारण 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले तेव्हापासून त्या योजनेला कायदा, याचिका आणि निकाल यांची सोबत राहिली आहे. आधारचे 12 अंक यदृच्छेने निवडलेले असतात, त्यांत गाव, जात वा वय दडवलेले नसते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालाने खासगी कंपन्यांना त्याची सक्ती करण्यास अटकाव केला. मोबाइल क्रमांकाला मात्र ओळखपत्राचा दर्जा कोणी समारंभपूर्वक दिला नाही. तो वापरातून मिळत गेला. 31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातील पहिला मोबाइल संवाद साधला, तेव्हा क्रमांक हा केवळ फोनचा पत्ता होता. 20 जानेवारी 2011 पासून देशभर कंपनी बदलूनही क्रमांक तोच ठेवण्याची सोय झाली, ती ग्राहकाच्या हिताचीच होती, पण तिच्यामुळे पूर्वी दोन-तीन वर्षांत बदलणारा क्रमांक आयुष्यभर चिकटून राहू लागला. त्यानंतर बँकेचा ओटीपी, 2016 पासून यूपीआय, गॅसची नोंदणी, शाळेचा गट आणि रुग्णालयाचा केसपेपर या साऱ्यांनी त्याच दहा अंकांवर आपापली गाठ मारली.

औषधाच्या दुकानातील गल्ल्यावर ही गाठ कशी बसते ते जवळून पाहण्यासारखे आहे. चिठ्ठीवरच्या गोळ्यांची पट्टी कात्रीने हवी तेवढी कापून दिली जाते, संगणकावर बिल उघडते आणि मान वर न करताच ‘नंबर सांगा’ असे म्हटले जाते. ग्राहक पाच-पाच अंकांच्या लयीत तो मोठ्याने सांगतो आणि मागे रांगेत उभे असलेले चार लोकही तो ऐकतात. त्याची कायदेशीर गरज तपासली तर ती आढळत नाही. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार नोंदणी नसलेल्या ग्राहकाचे नाव आणि पत्ता बिलावर सक्तीने लागतो तो करपात्र रक्कम 50 हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा. एच-वन या अनुसूचीतील औषधे, ज्यांत अनेक प्रतिजैविके येतात, विकताना वेगळी नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते, पण त्या नोंदवहीत डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि प्रमाण एवढेच मागितले आहे. क्रमांक मागितला जातो तो सवलतीच्या गुणांसाठी आणि पुढच्या महिन्याच्या आठवणीसाठी. परिणामी मधुमेहाची किंवा नैराश्यावरची गोळी, जी एरवी दुकानाच्या विक्रीतील एक ओळ असती, ती एका माणसाच्या आयुष्यातील ओळ बनते.

अशा याद्या जाहिरातदारांशी जुळवताना क्रमांक उघडा पाठवला जात नाही, त्याचा ‘हॅश’ पाठवला जातो, असे आश्वासन कंपन्या देतात. हॅश म्हणजे कोणत्याही मजकुराचे ठराविक लांबीच्या, वरकरणी निरर्थक अक्षरमालिकेत रूपांतर करणारी गणिती कृती. मूळ मजकूर तोच असेल तर मालिका तीच येते, आणि मालिकेवरून मूळ मजकूर उलट गणिताने काढता येत नाही. दीर्घ मजकुराबाबत हे आश्वासन खरे असले तरी मोबाइल क्रमांकाबाबत ते पोकळ आहे. भारतीय मोबाइल क्रमांक 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो, म्हणजे संभाव्य क्रमांक सारे मिळून 400 कोटीच भरतात, आणि तेवढ्या क्रमांकांचे साधे हॅश एकेक करून काढून जुळवून पाहणे घरातल्या संगणकालाही काही तासांपलीकडचे काम नाही. कुलूप भक्कम असले तरी किल्ल्याच मोजक्या असतील, तर चोराला घाई करण्याचे कारण उरत नाही.

‘फोन ऐकत असतो’ या दुसऱ्या मताचा उगमही या जुळवणीत शोधावा लागतो. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये 17 हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा चोरून संभाषण ध्वनिमुद्रित करून पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, मात्र काही ॲप पडद्यावर चाललेल्या गोष्टींची चित्रे परस्पर तिसऱ्याकडे पाठवत असल्याचे आढळले. ऐकण्याची गरज बहुधा पडतच नाही, कारण फोनमधील संपर्कयादीच पुरेशी बोलकी असते. ‘दूधवाले काका’, ‘ताईच्या सासूबाई’, ‘शाळेची रिक्षा’, ‘केमोचे डॉक्टर’ अशी नावे घातलेली यादी म्हणजे एका कुटुंबाची वंशावळ, दिनचर्या आणि दुखणी यांचा एकत्रित आराखडाच होय, आणि ‘संपर्क पाहू द्यावेत का?’ या प्रश्नाला एका बोटाने दिलेला होकार त्या यादीतील दोन-चारशे माणसांच्या वतीने, त्यांना न विचारता, दिला जातो. मग बहिणीने पाहिलेल्या फ्रिजची जाहिरात भावाला दिसते आणि दोघांनाही वाटते की जेवणाच्या टेबलावरचे बोलणे कोणी ऐकले.

व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये सर्व संदेशांना टोकापासून टोकापर्यंतचे कूटलेखन लागू केले, ज्यात मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि स्वीकारणाऱ्याच्या फोनवरच उघडतो, आणि ही सुरक्षा भक्कम आहे. परंतु मजकूर झाकला तरी मेटाडेटा, म्हणजे कोणी कोणाला केव्हा आणि किती वेळा संदेश पाठवला ही संदेशाभोवतीची माहिती, त्या कुलपाच्या बाहेर राहते; पाकीट बंद असले तरी वरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का पोस्टमनला दिसतोच. त्यातच ज्या क्रमांकाला ही सारी माहिती जोडलेली असते तो ग्राहकाच्या मालकीचाही नसतो. बंद पडलेला क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, त्यामुळे निवर्तलेल्या वडिलांचे सिम रिचार्ज करायचे राहून गेले, तर त्यांच्या बँक खात्याचा ओटीपी एखाद्या परक्या माणसाच्या हातात वाजू शकतो.

कायद्याने जोडणीची ही समस्या ओळखलेली आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, ज्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि ज्यातील संस्थांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. या कायद्याच्या मजकुरातच दिलेली दोन उदाहरणे मार्मिक आहेत. एका स्त्रीने औषधाच्या दुकानात पैसे भरल्याची पावती फोनवर मागितली, तर दुकानदाराला तिची माहिती पावती पाठवण्यापुरतीच वापरता येते. दुसऱ्या स्त्रीने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपला संपर्कयादी पाहण्याची संमती दिली, तरी सल्ल्यासाठी ती यादी आवश्यक नसल्याने तेवढी संमती ग्राह्य धरली जात नाही. म्हणजे या उदाहरणांत माहिती गुप्त होती की उघड, हा प्रश्न कायद्याने दुय्यम मानला असून ती कोणत्या कारणासाठी दिली आणि त्या कारणापलीकडे कशाला जोडली गेली, याला महत्त्व दिले आहे. संमतीची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचता आली पाहिजे आणि संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे.

तिसऱ्या, हताश मताचे उत्तरही येथेच मिळते. ‘गेली ती गेली’ हे गुपिताबाबत खरे असते, कारण गुपित एकदाच फुटते. जोडणी मात्र प्रत्येक वेळी नव्याने व्हावी लागते. क्रमांक शंभर ठिकाणी नोंदवलेला असला तरी एकशेएकावी गाठ बसेपर्यंत त्या ठिकाणची माहिती त्या माणसाला लागत नाही, आणि म्हणून नकार देण्यासाठी कधीच फार उशीर झालेला नसतो. हा नकार मोठ्या प्रतिज्ञेचा असावा लागत नाही. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्येच दुकानदारांना मोबाइल क्रमांकाचा आग्रह न धरण्याची सूचना केली होती. गल्ल्यावर ‘नंबर नको, कागदी बिल द्या’ एवढे म्हटले तरी पैसे तेवढेच घेतले जातात, गोळ्यांची पट्टी तीच मिळते, आणि दुकानाच्या नोंदीत राहते ती अमुक औषधाच्या अमुक गोळ्या विकल्या गेल्याची, धागा नसलेली एक ओळ.