सात प्रश्नचिन्हं

अण्णांनी चष्मा वर केला, लॅपटॉप जवळ ओढला आणि विचारलं, ‘‘गिऱ्हाईकाचं नाव कुठंय रे?’’

नावाच्या रकान्यात ओळीनं प्रश्नचिन्हं होती. गावाच्या रकान्यातही तेच. तारीख आणि रक्कम तेवढी जागेवर. अशा 43 नोंदी. वहीत यातली एकही नव्हती, कारण अकरा दिवसांपूर्वी मीच अण्णांना म्हणालो होतो, ‘‘आता वहीत लिहू नका, थेट मला सांगा.’’

साल 2020. कॉलेज बंद म्हणून मी पुण्याहून उमरग्याला आलो होतो. आमचं खत-बियाण्याचं दुकान आहे, आणि असं दुकान उधारीवरच चालतं. माल आज न्यायचा, पैसे सोयाबीन विकल्यावर नाहीतर उसाचं बिल निघाल्यावर. मी वेब डेव्हलपमेंट शिकत होतो. म्हटलं, प्रोजेक्ट करायचाच आहे तर उधारीचाच करू. अण्णांनी लॅपटॉपचे हप्ते भरले होते, त्याचं काहीतरी दिसायला हवं होतं.

इंटरनेटवर जागा विकत घेण्याआधी वेबसाईट आपल्याच लॅपटॉपवर चालवून बघतात. त्यासाठी मी झॅम्प टाकलं. त्यात पानं पाठवणारा अपाची हा सर्व्हर, माहिती साठवणारा डेटाबेस आणि पीएचपी ही भाषा असं सगळं एकत्र येतं. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप करायचं. म्हणजे पत्ता 127.0.0.1, आपलाच लॅपटॉप. पान मागणाराही तोच आणि देणाराही तोच.

पहिल्या दिवशी अपाची सुरूच होईना. हिरवा व्हायचा, लगेच बंद. संदेश यायचा की पोर्ट 80 अडवलेला आहे. पोर्ट म्हणजे तहसीलमधल्या खिडक्यांसारखा प्रकार. वेबसाईटची खिडकी 80 नंबरची, आणि तिथं दुसराच कुणीतरी आधीच बसलेला. नेटस्टॅट कमांड चालवून बघितलं तर बसणाऱ्याचा नंबर 4, नाव ‘सिस्टम’. म्हणजे खुद्द विंडोज! मी पूर्वी कुठलातरी व्हिडिओ बघून विंडोजचाच वेगळा वेब सर्व्हर चालू करून ठेवला होता आणि विसरलो होतो. अपाचीच्या सेटिंगच्या फाईलमध्ये 80 चं 8080 केलं, चालू झालं. एवढ्यासाठी दोन रात्री गेल्या. अण्णा पाणी प्यायला उठले की विचारायचे, ‘‘काय करलालास एवढ्या रातीला?’’ मी म्हणायचो, दुकानाचंच काम.

पोर्टची चूक निदान बोंब तरी मारते. दुसरी चूक गप्प बसली होती.

टेबल मी स्वतः बनवलं नव्हतं, एका तयार प्रोजेक्टची फाईल घेतली होती. पान यूटीएफ-8 मध्ये, डेटाबेसशी जोडणीही यूटीएफ-8 मध्ये. या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. टेबलाचा अक्षरसंच मात्र लॅटिन-1, आणि त्यातला अनुक्रम लावायचा नियम स्वीडिश! मायएसक्यूएल 1995 मध्ये स्वीडनमधल्या कंपनीनं बनवलं, तेव्हापासून कुणी काही वेगळं सांगितलं नाही तर हाच नियम लागू व्हायचा. तो थेट 2018 च्या 8.0 आवृत्तीत बदलला. आमच्या गिऱ्हाइकांची नावं स्वीडिश नियमानं लावायला बसलेल्या टेबलात क, ख, ग ठेवायला जागाच नव्हती. जे अक्षर बसेना त्याच्या जागी ते प्रश्नचिन्ह टाकत गेलं. मी चाचणी इंग्रजी नावांनी केली होती, ती नीट दिसली. नंतर रोज ‘नोंद झाली’ एवढाच संदेश बघत होतो. यादी उघडलीच नाही.

अक्षरसंच बदलून यूटीएफ8एमबी4 केला. नवीन नोंदी नीट यायला लागल्या, जुन्या तशाच. डेटाबेसमध्ये खरोखर प्रश्नचिन्हंच साठली होती, मागं काही उरलंच नव्हतं. त्याच आठवड्यात अतिवृष्टी झाली. शेतात कापून ठेवलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. आता कुणाकडं उधारी मागायची हाच प्रश्न, त्यात कुणाकडं किती हेही आम्हाला माहीत नाही.

लाईट गेलेली. लॅपटॉपच्या बॅटरीवर अण्णा शेजारी बसले. मला वाटलं ओरडतील.

‘‘रक्कम वाच. तारीख पण.’’

‘‘सहा तारीख. दोन हजार तीनशे चाळीस.’’

‘‘डिग्गीचे पैलवान. हरभऱ्याचं बी. पुढचं.’’

‘‘सहा तारीख. अठराशे.’’

‘‘तुरोरीचे जावईबापू. पोरगं आलतं न्यायला.’’

असे वीसेक झाले. मी नुसता लिहून घेत होतो. मग एका रकमेवर ते अडले. ‘‘एक हजार पन्नास... मुळज नाहीतर येणेगूर.’’ मी गावाच्या रकान्याकडे बघितलं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाचं वेगळं प्रश्नचिन्ह पडतं. ‘मुळज’ची चार व्हायला हवीत. इथं सात होती.

‘‘येणेगूर, अण्णा.’’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘‘कसं काय?’’

मी बोटं मोडून दाखवलं. य, मात्रा, ण, मात्रा, ग, उकार, र. त्यांना गंमत वाटली. मग ते अडले की मी मोजायचो. मुरूम पाच, जकेकूर सहा. बॅटरी संपायला आली तेव्हा 42 नावं लागली होती.

राहिलेली नोंद 640 रुपयांची. गावाची प्रश्नचिन्हं सात. पण गुंजोटीचीही सातच होतात. नावाचीही मोजून बघितली, काही उपयोग झाला नाही. अण्णा बराच वेळ डोळे मिटून बसले. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून वही काढली आणि 42 नोंदी पेनानं उतरवल्या. मी काही बोललो नाही. शेवटच्या ओळीत त्यांनी नावाच्या जागी एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं, पुढं लिहिलं ‘गुंजोटी / येणेगूर, 640’, आणि वही गल्ल्याखाली ठेवली. ती ओळ अजून खोडलेली नाही.