कारणाच्या रकान्यात काय लिहू?

चि. दत्ता,

तुझं पत्र वाचल्यापासून मनाला स्वस्थता नाही. पिस्तुलाच्या परवान्याच्या अर्जात कारण काय लिहिलं म्हणजे मंजुरी मिळेल, एवढंच तू विचारलंस. घराण्यात बंदूक माझ्या एकट्याकडे, म्हणून मला विचारलंस हे समजलं. पण अरे, आधी कारण असतं, मग अर्ज. तू कारण शोधतो आहेस, म्हणजे ते तुझ्यापाशी नाही. “आजकाल कमरेला काही नसलं तर कुणी विचारत नाही,” असं तू लिहिलंस. तुझ्या आजोबांना अख्खा गाव विचारायचा, आणि त्यांच्या कमरेला फक्त किल्ल्यांचा जुडगा असायचा. तुझ्या आईला हे सांगितलंस का? नसशीलच.

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून 9 डिसेंबर 2024 रोजी झाला आणि आपल्या बीड जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. त्याच सुमारास सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी शस्त्रपरवान्यांचे आकडे पुढे आणले: बीडमध्ये 1,222, अमरावतीत 243 आणि शेजारच्या परभणीत 32. या आकड्यांचा जरा विचार कर. गोदावरीच्या अलीकडे बीड, पलीकडे परभणी. शेती तशीच, रानडुकरं तीच, भावकीची भांडणं तीच, पोलीस ठाणंही तितकंच लांब. परवाना धोका पाहून मिळत असता तर दोन्ही जिल्ह्यांत एवढी तफावत पडलीच नसती. आपल्याकडे तो वजन पाहून मागितला गेला आणि वजन पाहूनच दिला गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ते परवाने असलेल्यांत गुन्हे दाखल असलेली माणसंही होती. ही तपासणी परवाना देतानाच झाली असती तर?

तू म्हणशील, देशमुखांना गोळी कुठे लागली होती? बरोबर आहे, त्यांना मारहाण करून मारलं. आणि खून करणारा परवाना काढत बसत नाही, तो गावठी कट्टा आणतो, हेही खरं. देशात बंदुकीनं होणाऱ्या खुनांत बहुतेक शस्त्रं विनापरवानाच असतात. म्हणून परवानाधारकांना हात लावू नका, असं आम्हा बंदूकवाल्यांतले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. चारचौघांत पिस्तूल दाखवणं ही रीत झाली की परवान्याचं कोणतं आणि कट्टा कोणता, हे बघणाऱ्याला कळत नाही. कट्ट्याला आडोसा मिळतो तो आपल्या मिरवण्यामुळे. शिवाय कट्टा गावठी असला तरी त्यात चालणारी काडतुसं बहुधा कारखान्यातली असतात. ती कुणाच्या तरी हिशेबातून निसटल्याशिवाय बाहेर येतील कशी? आणि गोळी सुटली नाही म्हणून हिंसा झाली नाही, असं तू मानतोस का? ऊसतोडीच्या मुकादमाच्या कमरेला पिस्तूल दिसलं, तर उचलीचा हिशेब विचारायला कोणता मजूर तोंड उघडील? ग्रामसभेत सरपंचाला प्रश्न कोण विचारील? आपल्या जिल्ह्यात बंदुकीचं मुख्य काम हेच होऊन बसलं आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही.

राहिला स्वसंरक्षणाचा मुद्दा. तो मी हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याला परवाना मिळावा. पण आचारसंहिता लागली की शस्त्रं ठाण्यात जमा होतात. 2024 मध्ये लोकसभेला झाली, विधानसभेलाही झाली. तेवढे महिने ज्याला शस्त्रावाचून राहता आलं, त्यानं आपली गरज पुन्हा तपासायला हवी. घरातलं शस्त्र घरच्याच किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती पडण्याचा धोका तर कायमचाच. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबईत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. तुझ्या घरी मुलं आहेत, आणि घरातल्या भाऊंचा राग तुला ठाऊक आहे. मला झोप लागत नाही ती याच विचारानं.

आता कारणाच्या रकान्याकडे परत येतो. ऑस्ट्रेलियात 1996 साली पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली. त्यानंतर तिथे बंदुकीसाठी खरं कारण दाखवणं सक्तीचं झालं, आणि ‘स्वसंरक्षण’ हे कारणच धरायचं नाही असं ठरलं. सरकारनं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. आपल्याकडे तेवढं व्हावं असा माझा हट्ट नाही. पण परवान्यामागचं कारण दर वर्षी तपासावं, शस्त्र कुलपात आहे की नाही हे घरी येऊन पाहावं, प्रत्येक काडतुसाचा हिशेब मागावा, आणि लग्नात बार काढणाऱ्याचा परवाना त्याच दिवशी निलंबित व्हावा. हवेतल्या अशा गोळीबाराला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला आहे. कायदा आहे, तो बजावण्याची मागणी आम्ही बंदूकवाल्यांनी सर्वांत आधी करायला हवी. माझी बारा बोअर पीक संरक्षणाच्या परवान्यावर आहे. उद्या तपासणीत तिची गरज नाही असं ठरलं, तर ती जमा करताना मी वाद घालणार नाही.

अर्ज अजून भरला नसशील तर भरू नकोस. भरला असशील तर मागे घे, आणि तसं मला लगेच कळव. तुझ्या आईला मी काही सांगितलेलं नाही, ते तूच सांग.

तुझा,
मामा