फो, चाय आणि गोडा मसाला

तर मंडळी, गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण आई आली होती. (बाबांना रजा मिळाली नाही. म्हणजे त्यांनी मागितली नाही.) आता ती परत गेली. फ्रीजमध्ये चटण्यांचे डबे आहेत, वीकांत मोकळा आहे आणि एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तशी ती सूपची गोष्ट आहे. निदान सुरुवातीला तरी.

अस्मादिकांचा मुक्काम सॅन होजेत. आपल्या मंडळींना हे गाव माहीत असतं ते हापिसांमुळे. पण इथे एक लाखाहून जास्त व्हिएतनामी लोक राहतात, व्हिएतनामच्या बाहेर एका शहरात इतके दुसरीकडे कुठेच नाहीत. स्टोरी रोडवर गेलात तर दंतवैद्य, वकील, सोनार, सगळ्यांच्या पाट्या व्हिएतनामी. या भागाला 'लिटल सायगॉन' म्हणतात आणि हे नाव काही सुखासुखी मिळालेलं नाही. २००७ च्या नोव्हेंबरात नगर परिषदेने 'सायगॉन बिझनेस डिस्ट्रिक्ट' असं गुळमुळीत नाव ठरवलं. लोक खवळले, निदर्शनं झाली, उपोषण झालं आणि २००८ साली परिषदेला ठराव मागे घ्यावा लागला. नावावरून आंदोलन! हे वाचलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

नोकरीला लागलो त्याच आठवड्यात शुक्रवारी टीमबरोबर जेवायला बाहेर पडलो. आमच्या टेस्टिंगचं काम बघणारे एक व्हिएतनामी गृहस्थ आहेत, पंचावन्नच्या आसपासचे. त्यांच्या भाषेत 'मी-तू' फारसं नसतंच, समोरच्याचं वय बघून काका, मावशी, दादा असं नातं लावून बोलतात. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणतो. काकांनी पहिलं काम काय केलं तर माझा उच्चार सुधारला. मी म्हणालो, "फो." ते म्हणाले, "फअ? असं. काहीतरी विचारतोयस असं वाटलं पाहिजे." मी चारपाच वेळा विचारून पाहिलं. शेवटी ते म्हणाले, "राहू दे, आकडा सांग." तिथे मेन्यूत प्रत्येक पदार्थाला आकडा असतो. फार सोयीचं. (मीही इथे 'फो'च लिहिणार आहे, माफी असावी.)

आमच्या घरी अंडंसुद्धा कधी आलं नाही. हॉस्टेलवर मी अंडं आणि चिकनपर्यंत मजल मारली होती, पण नव्या हापिसात पहिल्याच दिवशी कशाला, म्हणून टोफू आणि भाज्यांचा फो मागवला. माझ्या तोंडाएवढा वाडगा आला. त्यात तांदळाच्या चपट्या शेवया, वर टोफू, ब्रोकोली आणि काठोकाठ पिवळसर, नितळ पाणी. शेजारी एका ताटलीत कच्चे मोड, लिंबाच्या फोडी, हिरव्या मिरच्यांच्या चकत्या आणि जांभळ्या देठाची तुळशीसारखी पानं. वाडग्यावर वाकलो, वाफ नाकात गेली आणि मी गप्पच झालो.

गोडा मसाला! शपथेवर सांगतो. मे महिन्यात आई मसाला भाजते तेव्हा जिन्यापर्यंत येतो ना, तोच वास.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात डोक्याचा दोष नव्हता. फोच्या पाण्यात बाद्यान, दालचिनी, लवंग, धणे आणि मसाला वेलदोडा घालतात. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजतात, आपण भरताचं वांगं भाजतो तसं. आपल्या मसाल्यातलं खोबरं, तीळ आणि दगडफूल तेवढं त्यात नाही. पदार्थ मात्र फार जुना नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोई आणि नाम दिन्ह या उत्तरेकडच्या भागात तो तयार झाला. तिथे गुरं असायची ती नांगराला. फ्रेंच आले आणि त्यांना मांस लागू लागलं, मग जे उरायचं त्याचं सूप झालं. १९५४ साली देशाची फाळणी झाली, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फो त्यांच्याबरोबर सायगॉनला पोचला. मोड, पानं, गोड सॉस हा सगळा थाट दक्षिणेतला. हनोईचा फो म्हणे अगदी सोवळा असतो. मग १९७५ ला सायगॉन पडलं आणि लोक अमेरिकेत आले. वॉशिंग्टनजवळ 'फो ७५' नावाची हॉटेलं आहेत, त्यातला ७५ म्हणजे हेच साल. प्रत्येक टेबलावर जी कोंबड्याच्या चित्राची लाल श्रीराचाची बाटली असते, तिच्या कंपनीचं 'हुय फाँग' हे नावसुद्धा डेव्हिड ट्रॅन हे मालक ज्या जहाजातून देश सोडून निघाले त्या जहाजाचं आहे. आपण नुसतं पिळत असतो.

असो. मी दर शुक्रवारी तोच आकडा मागवायला लागलो. आणि रविवारी आईला फोनवर सांगायला लागलो, "अगं, एक सूप मिळतं इथे, तुझ्या गोड्या मसाल्याचा वास येतो." तिने ते शेजारच्या काकूंनाही सांगितलं. मुलगा उपाशी नाही याचा पुरावा म्हणून.

तीन महिन्यांनी एका शुक्रवारी मी वाडगा तोंडाला लावून शेवटचं पाणी पीत होतो, तेव्हा काकांनी सहज विचारलं, "तू मांस खात नाहीस ते आवडत नाही म्हणून की धर्म म्हणून?"

"घरची पद्धत," मी म्हणालो. "का?"

काका क्षणभर थांबले. "हे पाणी गाईच्या हाडांचं आहे. सगळ्यांचं एकच पाणी असतं. टोफू नुसता वर ठेवतात."

आता इथे मला शिसारी यायला हवी होती. मी वाट पाहिली. आली नाही. खरं सांगायचं तर तेच जास्त लागलं. तीन महिने ज्या वासाला मी आई आई म्हणत होतो, त्याच्या खाली हे होतं. आणि जीभ म्हणत होती, बरं मग?

काका बिचारे इतके ओशाळले की पुढच्या आठवड्यात मला मुद्दाम एका शाकाहारी व्हिएतनामी हॉटेलात घेऊन गेले. मेन्यूत सगळीकडे 'चाय' लिहिलेलं. फो चाय, बुन चाय. मला वाटलं जेवणाबरोबर चहा फुकट आहे. काका पोट धरून हसले. चाय म्हणजे त्यांच्याकडे शाकाहारी! बौद्ध लोकांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेचजण चाय खातात, आणि कडक पाळणारे त्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचा हिशेबच की हो.

तिथेच त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. १९७९ साली ते नऊ वर्षांचे असताना बोटीतून निघाले. मलेशियाच्या पुलाऊ बिडाँग बेटावरच्या छावणीत पोचेपर्यंत पाणी संपत आलं होतं आणि आई बाटलीच्या झाकणाने मोजून द्यायची. तेव्हा ती बोलली होती की पोरं जिवंत किनाऱ्याला लागली तर जन्मभर ते दोन दिवस चाय पाळीन. अजून पाळते, ऐंशी उलटल्यावरसुद्धा. 'नवस' हा शब्द काकांना माहीत नव्हता. मी सांगितला. त्यांनी दोनदा म्हणून पाहिला आणि माझ्या 'फअ'पेक्षा बरा म्हटला.

त्यानंतर पाच शुक्रवार मी फोच्या वाटेला गेलो नाही. टोफूच्या बान्ह मीवर दिवस काढले. बान्ह मी म्हणजे फ्रेंचांचा पाव पळवून त्यात आंबटगोड गाजर-मुळा, कोथिंबीर आणि मिरची भरतात ते सँडविच. भारी असतं, हलका कुरकुरीत पाव, चाव्यागणिक मांडीवर चुरा. त्याबरोबर डब्यातलं घट्ट गोड दूध घातलेली बर्फाची काळीकुट्ट कॉफी. ती प्यायली की दुपारची मीटिंग सुसह्य होते. तक्रार काहीच नव्हती. पण जानेवारीत सलग पाऊस लागला, रिलीज पुढे गेलं, मला ताप येऊन गेला आणि एका शुक्रवारी मी एकटाच जाऊन बसलो आणि तोच जुना आकडा सांगितला. या वेळी माहीत असून. नंतर काही महिन्यांनी टोफूची लाज वाटायला लागली (पाणी तेच प्यायचं आणि वर टोफूचं सोवळं कशाला?) आणि मी 'ताय' मागवला. कच्च्या मांसाचे कागदासारखे पातळ काप, उकळत्या पाण्यात डोळ्यांदेखत शिजणारे.

फोनवर मात्र सूप ते सूपच राहिलं.

आणि मग आई आली. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "अरे, ते तुझं सूप कधी?"

मी तिला चायवाल्या हॉटेलात नेलं. मनाशी म्हटलं, यात खोटं काय आहे? सूप व्हिएतनामी, गाव तेच. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर तर ती खूशच झाली, तिचा चातुर्मास चालू होता. आधी गोई कुऑन आले, तांदळाच्या पारदर्शक पापडात गुंडाळलेल्या थंड वळकट्या. "न तळलेलं असं कच्चं कच्चं कोण खातं," म्हणाली, पण दाण्याच्या सॉसमध्ये बुडवून दोन संपवल्या. मग बान्ह सेओ आला. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, पातळ जाळीदार, कडेला कुरकुरीत, आत मोड आणि मूगडाळ. सेओ म्हणजे पीठ तव्यावर पडल्यावरचा चर्र आवाज. आई मूळची गुहागरची. तिने कड मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, "घावन आहे रे हे! हळद घातलेलं." मग पानांच्या ताटलीकडे वळली, एक पान चुरडून हुंगलं. "आणि हा सब्जा." खरंच आहे, ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो त्याच जातीचं झाड. "तुळशीचीच बहीण," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात फो आला.

आईने वास घेतला. चमचाभर पाणी प्यायली. पुन्हा वास घेतला.

"चांगलंय," ती म्हणाली. "पण तू म्हणायचास तसं काही नाही रे. मसाला आहे, पण वरवर तरंगतोय. खाली धरून ठेवणारं काही नाही त्याला. तुझ्या त्या हॉटेलात काय वेगळं घालतात?"

माझ्याकडे तीन उत्तरं तयार होती. आचारी बदलला असेल. प्रमाण वेगळं असतं. आज नीट जमलं नसेल. पण ही बाई दुसऱ्याच्या घरची आमटी चाखून धणे किती जुने ते सांगते.

"हाडं," मी म्हणालो. "रात्रभर उकळतात."

"कोंबडीची?"

"नाही."

तिने पुढचं विचारलं नाही. चमचा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाला शेवया भरवत होती, तिकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं?"

"पहिले तीन महिने नव्हतं."

"आणि मग?"

"मग होतं."

किती वेळ गेला माहीत नाही. मग तिने सब्जाची दोन पानं खुडली आणि माझ्या वाडग्यात टाकली. का ते तिचं तिला माहीत. "निवतंय," म्हणाली. "खा."

गाडीत सिग्नलला थांबल्यावर तिने विचारलं, "त्या काकांची आई अजून नवस पाळते?"

"हो."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस सगळं खाते."

"हं." आणि बऱ्याच वेळाने, "तुझ्या बाबांना मी सांगेन. तू नको सांगूस."

जाण्याआधी तिला त्याच भागातल्या व्हिएतनामी वाणसामानाच्या दुकानात जायचं होतं. तिने बाद्यानाची पाकळ्या न मोडलेली, टपोरी फुलं हातात घेऊन पाहिली, अर्धा किलो घेतली आणि तिकडे भाव काय चाललाय ते मला ऐकवलं. बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवली. मसाला मे महिन्यात होणार, माझा डबा कोणाबरोबर पाठवायचा तेही ठरलंय.

परवा तिचा फोन आला तेव्हा इथे संध्याकाळ होती.

"आज शुक्रवार ना तुझा? गेला होतास?"

"गेलो होतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला असावा.

"पाऊस आहे का तिकडे?"

"आहे. सकाळपासून."

"मग बरं," ती म्हणाली, आणि बाबांना हाक मारून फोन त्यांच्याकडे दिला.