वर्गणी नको, शिधा द्या

वाईट बातमी पेपरात छापून येण्याआधी माझ्या फोनवर आलेली असते. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात मी एका दैनिकाचा वार्ताहर आहे. चार एकर कोरडवाहू शेती हा मुख्य धंदा, बातमीदारी जोडीला. कुणीतरी फोन करून सांगतं, अमक्या गावात असं असं झालं, आणि मी मोटारसायकल काढतो. डेस्कला लागणारी माहिती ठरलेली असते. नाव, वय, शेती किती, कर्ज कुणाचं, मागे कोण कोण. घरच्यांना हे विचारताना कितीही वर्षं झाली तरी जीभ जड होते.

आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या शेतकरी आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात आम्ही होतो. २०१८ साली केंद्र सरकारनं विकासात मागे पडलेल्या, ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी काढली, तिच्यातही आम्ही होतो. राज्यभर आमचं नाव जातं ते बहुतेक अशा याद्यांमधून. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही, त्यामागच्या कित्येक बातम्या मीच पाठवल्यात. पण त्याच गावांत मी राहतो, आणि मला दिसतं ते त्या यादीत मावत नाही. २०२५ च्या जूनमधलं सांगतो.

आधीचा हंगाम काय होता ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात क्विंटलला चार हजारांच्या आसपास. खरेदी केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट, कधी बारदाना नाही, कधी नंबरच लागत नाही. दिवाळी, लग्न, शाळेची फी यांना थांबता येत नाही, म्हणून बहुतेकांनी व्यापाऱ्याला देऊन टाकलं. कर्जमाफी होईल या आशेवर कित्येकांनी पीककर्ज भरलं नव्हतं. मार्चच्या अखेरीस तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी जाहीर सांगितलं की ३१ तारखेच्या आत पैसे भरा, आणि गावात पारावरच्या गप्पाच बंद झाल्या. मे महिन्यात मान्सून कधी नव्हे इतका लवकर आला, २६ मेला मुंबईत पोचला. इकडेही अवकाळीनं झोडपलं. लोकांनी घाईघाईनं बियाणं आणलं आणि पावसानं दडी मारली. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खात्याचं सांगणं. जूनचा दुसरा आठवडा लागला तरी आभाळ कोरडं, ऊन मे महिन्याचं. तिकडे मोझरीला कर्जमाफीसाठी बच्चू कडूंचं उपोषण सुरू होतं. त्याच आठवड्यात अहमदाबादला विमान पडलं. मोबाइल उघडावासा वाटत नव्हता, आणि माझं तर कामच मोबाइलवर.

अशा आठवड्यात आमच्याकडे शेगावची पालखी येते. श्री गजानन महाराजांची पालखी पातूरचा घाट चढून मेडशी, डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन असं करत रिसोडकडे जाते आणि पुढे मराठवाड्यातून पंढरपूर गाठते. सातशेच्या आसपास वारकरी, पांढरे कपडे, टाळ, पताका, आणि रांगेची अशी शिस्त की बघणाऱ्यानं आपोआप सरळ उभं राहावं. पाच दशकांहून जास्त काळ ही वाट चालू आहे. वाटेतली गावं आपापला वाटा वर्षानुवर्षं सांभाळतात, कुठे चहा, कुठे फराळ, कुठे जेवण. आमच्या गावाकडे सकाळची न्याहारी आहे. वारकऱ्यांबरोबर आजूबाजूच्या गावांतून दर्शनाला आलेले असतात, त्यांनाही पंगत चुकत नाही.

मारुतीच्या पारावर बैठक बसली तेव्हा त्या वर्षी कुणी आवाज चढवला नाही. दरवर्षी घरटी वर्गणी ठरते, किराणा मालेगावहून येतो, आचारी लागतो. वर्गणीचा आकडा बोलायची कुणाची हिंमत होईना. एकानं हळूच सुचवलं की यंदा चहा-बिस्किटावर भागवू, महाराज समजून घेतील. कुणी विरोध केला नाही, पण हो पण म्हटलं नाही. सगळे जमिनीकडे बघत बसले. पन्नाशीतली, हात राठ झालेली माणसं. ती शांतता मला उपोषणाच्या बातमीपेक्षा जड गेली.

मग बचत गटातल्या बाया बोलल्या. त्यांनी हिशेबच वेगळा मांडला. पैसा कुणाच्याच घरात नाही, हे खरं. पण गहू आहे. हरभरा विकून उरलेला आहे, डाळ भरडलेली आहे. कांदे आहेत, मिरची, लसूण आहे. वर्गणी कशाला मागता, शिधा मागा. आचारी कशाला पाहिजे, आम्ही आहोत. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी पाणी भरावं, तुराट्या आणाव्यात, पत्रावळी मांडाव्यात. तेलाचे डबे तेवढे विकत घ्यावे लागतील, ते गटाच्या बचतीतून घेऊ. पोळ्या घरोघरी लाटून आणायच्या, पिठलं जागेवर करायचं. अर्ध्या तासात सगळं ठरलं. मी त्या दिवसापासून एक गोष्ट मानतो. धीर देणारी माणसं बऱ्याचदा धीराचे शब्द बोलतच नाहीत. आपल्याकडे काय शिल्लक आहे ते मोजून दाखवतात.

संध्याकाळी हातगाडी घेऊन पोरं फिरली. कुणी पायलीभर गहू दिला, कुणी वाटीभर. वाटी देणाऱ्याचं नाव वहीत पायलीवाल्याच्या खालीच लिहिलं, फक्त नाव, माप नाही. ही कल्पना कुणाची ते मला कळलं नाही, पण मला ती फार आवडली.

पहाटे तीनला शाळेसमोर चुलांगण पेटलं. पिठलं चार माणसांचं करणं वेगळं आणि एवढ्या पंगतीचं वेगळं. मोठ्या गंजात तेल तापलं, मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा, हळद. मग पाण्याचं आधण. बेसन आधी पातेल्यात कालवून घेतलेलं. आता ते बारीक धारेनं सोडायचं आणि हाटणाऱ्यानं क्षणभरही थांबायचं नाही, नाहीतर गुठळ्या. दोन गडी लांब दांड्याचे सराटे घेऊन उभे होते, आणि धार धरली होती एका वहिनीनं.

या वहिनीच्या घरी मी काही वर्षांपूर्वी बातमीसाठी गेलो होतो. तिच्या नवऱ्याची बातमी होती. तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, आणि मी माझे ठरलेले प्रश्न तिच्या दिराला विचारले होते. पुढे तिचं प्रकरण पात्र ठरलं. शासनाची मदत एक लाखाची असते, त्यातले ३० हजार हातात मिळतात आणि ७० हजार ठेव म्हणून अडकतात. तेवढ्यावर कर्जही फिटत नाही. तिनं दोन एकर ठोक्यानं दिलं, शिवण शिकली, गटात आली. मी रस्त्यात भेटलो की ती बोलायची, पण मीच जरा आखडून असायचो.

धार संपली, पिठल्याला बुडबुडे यायला लागले. तिनं पातेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि मला हाक मारली.

"भाऊ, तुमी तवा फोटो काढाले आलते ना?"

मी मान हलवली.

"मंग आज बी काढा. नाव टाका खाली."

मी काढला. धूर होता, उजेड कमी होता, तरी तिचा चेहरा स्वच्छ आला. सूर्य वर यायच्या सुमारास टाळांचा आवाज आला आणि पुढचे दोन तास कुणाला बोलायला सवड नव्हती. म्हातारे वारकरी हातात पोळी घेऊन त्यावरच पिठलं घ्यायचे, पाटीवर पाटी रिकामी होत होती. पुरलं. गावानं नंतर बसून खाल्लं तेवढंही उरलं. दुसऱ्या दिवशी फोटो आतल्या पानावर दोन कॉलम लागला, खाली तिचं नाव. पेपरचं ते पान तिच्या शिवणयंत्राच्या वरच्या भिंतीला आजही आहे.

पाऊस नंतर आला, आणि मग थांबायचं नाव घेईना. ऑगस्ट-सप्टेंबरात शेतात पाणी तुंबलं. नव्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ झाला होता, पण माझ्या खालच्या एकरातलं सोयाबीन पिवळं पडून बसलं होतं आणि वरच्या शेंगा हाताला ओल्या लागत होत्या. नवरात्र लागलं त्याच दिवसांत सीना नदीला पूर आला. परंडा, माढा, करमाळा, मोहोळ या भागांतली माणसं पत्र्यांवर आणि झाडांवर अडकलेली टीव्हीवर दिसत होती. आम्ही आमचंच रडगाणं गात बसलो असतो तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण या वेळी पूरग्रस्तांसाठी बैठक बोलवावी लागली नाही. हातगाडी परत निघाली, तीच वही निघाली. गहू, तांदूळ, डाळ, मीठ, काड्यापेट्या. जनावरं वाहून गेली होती, जी वाचली त्यांच्या तोंडात घालायला काही नव्हतं, म्हणून गव्हाच्या कुटाराची पोती. एका घरून जुन्या कपड्यांचं गाठोडं आलं, तेव्हा वहिनीनं ते उघडून एक एक कापड उजेडात धरलं. फाटकं बाजूला काढलं, बटण तुटलेलं शिवायला घेतलं. "आपल्या अंगाला चालते थेच त्यायले पाठवा," एवढंच म्हणाली, आणि रात्री उशिरापर्यंत यंत्राचा आवाज येत होता.

टेम्पो दुसऱ्या संध्याकाळी मेहकरच्या रस्त्यानं निघाला. ड्रायव्हर गावातलाच, त्यानं भाडं घेतलं नाही, डिझेल तरुण मंडळानं दुर्गोत्सवाच्या मंडपाच्या पैशांतून भरलं. देवी त्या वर्षी साध्या पत्र्याखाली बसली. ताडपत्री बांधून होईपर्यंत अंधार पडला होता. सकाळी आमच्याच शिवारात पंचनाम्याला तलाठी येणार होते, सातबारा आणि आधारची झेरॉक्स काढून ठेवायची होती, म्हणून सगळे लवकर घरी गेलो.