खाडीपलीकडचा संसार

परमुलुखाचा अनुभव घेण्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो, हा समज मी गिरगावातून वाशीस राहावयास आलो तेव्हा सोडून दिला. माझ्या बाबतीत एक खाडी पुरेशी झाली. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीच्या पूर्वेस नवे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली, १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये खाडीपूल रहदारीस खुला झाला, हा सारा इतिहास वाटपपत्र हाती पडेपर्यंत मला मुखोद्गत झाला होता. परंतु रॉकेल कोठे मिळते आणि दळण कोठे न्यावयाचे, या सौभाग्यवतीच्या पहिल्याच दोन प्रश्नांना त्यात उत्तर नव्हते.

माझा दिवस फोर्टातील कचेरीत जाई. वाशीस तेव्हा आगगाडी नव्हती. बसने पूल ओलांडून मानखुर्द गाठावे आणि तेथून हार्बरची लोकल धरावी, असा क्रम. तरीही परकेपणा माझ्या वाट्यास थोडाच आला, कारण दिवसाचा मोठा भाग मी जुन्याच मुंबईत काढीत असे. तो खरा भोगला आईने. जिचे सारे आयुष्य चाळीच्या सामाईक सज्ज्यात, कोणाच्या घरी काय शिजले आणि कोणाचे कोणाशी बिनसले याची उठता-बसता वार्ता घेण्यात गेले, तिला येथील बंद दारांचा आणि दुपारच्या निर्मनुष्य रस्त्यांचा धसका बसला. समोर पालघाटचे कुटुंब, वरच्या मजल्यावर सिंधी, शेजारी जालंधरचे एक सरदारजी; आणि यांपैकी जो आमच्याआधी वर्षभर आला असेल तो येथला पुरातन रहिवासी गणला जाई! पूर्वज कोणाचेच नसल्यामुळे घराण्याची प्रौढी सांगण्याची सोय राहिली नव्हती, आणि हा मला त्या वसाहतीचा फार मोठा गुण वाटे. आईला तो मुळीच वाटत नसे.

तिचा जीव रमला तो मासळीच्या पाटीपाशी. वाशीगावातील एक कोळीण दिवसाआड आमच्या जिन्यापाशी पाटी उतरवी, आणि सौदा आटोपला तरी दोघींचे बोलणे आटोपत नसे. तिच्याच तोंडून आम्हांस आमच्या पायाखालची भूमी कळली. आम्ही ज्यास सेक्टर म्हणत होतो ते तिच्या लेखी अमक्याचे भाताचे खाजण होते, बसथांब्यापलीकडे तमक्याचा बांध होता, आणि मुलांच्या खेळाच्या मैदानात पूर्वी भरतीचे पाणी शिरून निवट्या नाचत असत. नव्या शहरासाठी ज्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, त्यांतील आगरी-कोळ्यांची नावे सातबाऱ्यावरून उतरली. माझ्या दस्तऐवजात मात्र इमारतीचा आणि सदनिकेचा क्रमांक तेवढा होता, शेताचा मागमूस नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई-दास्तान फाट्याकडे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी मोबदल्यासाठी उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले, तेव्हा कित्येक दिवस पाटी आली नाही. आमच्या जिन्यावर बहुतेकांनी त्याचा अर्थ मासळी महागणार एवढाच लावला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन भूमिपुत्रांस परत देण्याचे धोरण त्या रक्तपातातून पुढे आले; ते घडेपर्यंत जमिनीच्या धन्यास अर्जदार आणि आमच्यासारख्या उपऱ्यास मालक ठरविणारी ती व्यवस्था, सर्व कागद नियमानुसार असूनही, मला न्यायाची वाटली नाही.

पाटी पुन्हा येऊ लागली तेव्हा आईने तिला आत बोलावून प्रथम चहा दिला. मागे काय झाले हे दोघींपैकी कोणी काढले नाही. त्यानंतर आईचे शिक्षण झपाट्याने झाले. पंचांग ती आजवर चतुर्थी-एकादशीसाठी पाहत आली होती. आता अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते, जाळी भरतात, अष्टमीच्या सुमारास भांग असतो, मासळी तुटते, हे तिला समजले, आणि एकाच पानावरून उपवास व कालवण या दोहोंचा बंदोबस्त होऊ लागला. श्रावणाचा अपवाद तिने कटाक्षाने पाळला.

१९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दची गाडी पूल ओलांडून वाशीस आली, आणि खाडीपलीकडे म्हणजे काळ्या पाण्यावर अशी ज्यांची समजूत होती ते गिरगावचे आप्त दर रविवारी सहकुटुंब अवतरू लागले. त्यांतील मावशींनी एकदा अष्टमीच्या दिवशी जिताड्याचा आग्रह धरला. आईने भिंतीवरील पंचांगाकडे बोट दाखविले, मुंबईच्या माणसांना यातले काही कळत नाही असे सर्वांसमक्ष सुनावले, आणि वांगी चिरावयास घेतली.