वरचा मजला कोणाचा?

परवा कामानिमित्त नरिमन पॉइंटला गेलो होतो. काम लवकर आटोपलं, म्हणून समुद्राच्या कट्ट्यावर बसलो. पाठीमागे एअर इंडियाची २३ मजली इमारत, शेजारी एक्स्प्रेस टॉवर्स. सत्तरच्या दशकातल्या या दोन इमारती म्हणजे आमच्या लहानपणी कॅलेंडरवरची मुंबई!

माझे बाबा तिथल्याच एका इमारतीत लिफ्टमन होते. सव्वीस वर्षं. पहाटे डोंबिवलीहून लोकल, व्हीटीला उतरून पुढे चालत. बसचे पैसे वाचायचे ना.

मी सहावीत असताना एकदा बाबा मला सोबत घेऊन गेले. साहेब लोक जेवायला गेल्यावर त्यांनी मला सगळ्यात वर नेलं. "पटकन बघून ये," म्हणाले. काचेतून मरीन ड्राइव्हचा अख्खा कमान दिसला, पार मलबार हिलपर्यंत. मी वळून म्हटलं, "बाबा, तुम्ही पण या ना." ते पायाने लिफ्टचं दार अडवून उभे होते. म्हणाले, "खाली बेल वाजतेय रे."

१२ मार्च १९९३. दीडच्या सुमारास दलाल स्ट्रीटवर शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला, आणि तासाभराने एअर इंडियाच्या इमारतीपाशी. बाबांच्या इमारतीच्या काचा फुटल्या. लिफ्ट बंद केली आणि बाबा लोकांना घेऊन जिन्याने उतरत राहिले. शेजाऱ्यांच्या फोनपाशी आई बसून होती. रात्री साडेदहाला बाबा दारात. चप्पल एकच होती. सोमवारी ते पुन्हा कामावर.

आता मुद्द्याचं. ही सगळी जमीन समुद्रात भराव घालून केलेली. म्हणजे कुणाच्या बापजाद्यांची नाही, सार्वजनिक. ज्यांचं नाव या जागेला आहे, त्या वीर नरिमनांनी १९२० च्या दशकात बॅकबे भरावातला गैरकारभार उघड केला होता. त्यावरून हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि नरिमन निर्दोष सुटले. पुढे भरावाच्याच जागेला त्यांचं नाव!

साठच्या दशकात चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रविणा मेहता यांनी सांगून पाहिलं होतं की दक्षिण टोकाला आणखी गर्दी करू नका, शहर खाडीपलीकडे न्या. त्यातून नवी मुंबई झाली, १९७० मध्ये सिडको आली. पण मंत्रालय काही हललं नाही. भराव आणि टॉवर वाढतच गेले, आणि तिथे काम करणारा माणूस कल्याण-विरारकडे सरकत गेला. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झालं, राष्ट्रीय शेअर बाजार तिकडे, बऱ्याच बँका तिकडे. एअर इंडियाचं मुख्यालयही २०१३ मध्ये दिल्लीला गेलं.

आणि आता ती इमारत १६०१ कोटी रुपयांना राज्य सरकारकडे द्यायला केंद्राने २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातली खाती इकडेतिकडे भाड्याच्या जागेत विखुरली, ती एकत्र यावीत हा हेतू. हेतू चांगलाच आहे. गडचिरोलीहून आलेल्या माणसाला तीन इमारती फिरायला लागू नयेत, याला कोण नाही म्हणेल?

पण मंत्रालयात आपण काय पाहतो? पाससाठी रांग. २०१८ पासून चौकात जाळी, कारण वैतागलेली माणसं उडी मारतात. नवीन इमारतीतही हेच होणार असेल तर फक्त पत्ता बदलला.

म्हणून एक साधी मागणी. सरकारने तळमजला कामासाठी आलेल्या लोकांना द्यावा: बसायला बाकडी, प्यायचं पाणी, स्वच्छ संडास, अर्ज कुठे अडकलाय ते सांगणारी खिडकी. आणि सगळ्यात वरचा मजला मंत्र्यांच्या दालनाला न देता, आठवड्यातून एक दिवस तरी सगळ्यांसाठी उघडा ठेवावा. पैसा जनतेचा, जमीन जनतेची, मग समुद्र तेवढा साहेबांचा का?

बाबा २०१५ ला गेले. रोज शंभरदा वर गेलेल्या त्या माणसाने वरून समुद्र एकदाही निवांत पाहिला नाही.

पटत असेल तर पुढे पाठवा. नसेल पटत तर का ते लिहा, वाद घालू.