दुसरी ट्रॉली

ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून ३०० किलोमीटरच्या वरचा पल्ला गाठणे हे बीड जिल्ह्यात दरवर्षीचे काम आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी सातारा-पुण्याकडे, कोणी थेट बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. मुकादमाने उचल (आगाऊ रक्कम) वाटलेली असते, कोयते ठरलेले असतात (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी), आणि ट्रॅक्टरमालकाचा कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार झालेला असतो. पुढचे पाच-सहा महिने याच ट्रॉल्यांतून ऊस वाहायचा असतो. पहिल्या खेपेला मात्र त्यांत टोळीचा संसार असतो: बाजरीची पोती, भांडी, कोप्यांसाठी ताडपत्री, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसे.

ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे पण दुसरी ट्रॉली नाही, तो ती हंगामापुरती भाड्याने घेतो. भाड्याची ट्रॉली म्हणजे दुसऱ्याच्या हातातून आलेली वस्तू. ती मागच्या हंगामात कुठे आपटली, किती वेळा जोडली गेली, हे कागदावर नसते. म्हणून आधी कागद पाहावेत आणि मग लोखंड. ट्रॉलीची नोंदणी आणि नंबर ट्रॅक्टरपेक्षा वेगळे असतात. विमा उतरवताना ट्रॉलीचा उल्लेख राहून गेलेला असेल, तर अपघातानंतर भरपाईचे प्रकरण तिथेच अडते. लोखंडात पहिली नजर दांड्यावर जावी. दांडा जिथे टर्नटेबलच्या चौकटीला मिळतो, तिथल्या वेल्डिंगवर ताण सर्वांत जास्त येतो. नव्या रंगाखाली केसासारखी बारीक रेघ असेल तर ती खरवडून पाहावी. रंगाची रेघ नख फिरवताच जाते, तडा तसाच राहतो. मग पाट्यांची पाने, फाळक्यांच्या खिट्या आणि टायर. ट्रॉलीचे टायर बहुधा नऊशे-सोळा मापाचे असतात. वरून गोटे शाबूत दिसले तरी उन्हात उभ्या राहिलेल्या टायरला बाजूच्या भिंतीवर चिरा पडतात, आणि लांबच्या रस्त्यावर टायर तिथेच फुटतो.

चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. बेअरिंग चांगले असेल तर चाक गुमान फिरते, गेलेले असेल तर खरखर हाताला कळते. वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुलले तर हब उघडल्याशिवाय ती ट्रॉली घेऊ नये. मालक ‘इतकं चालतं’ म्हणतो. गावातल्या गावात खताची पोती वाहायला ते चालतही असेल. पण दिवसभर सलग फिरणाऱ्या चाकाचे ग्रीस तापून पातळ होते, रिमवरून काळ्या ओघळांनी बाहेर येते आणि मग बेअरिंग कोरडे पडते. हा ओघळ दिसला की थांबायचेच.

जोडणीत सगळा भरवसा एका पिनेवर असतो. पिन मापाची हवी आणि तिच्या खालच्या भोकात लॉक हवे. लॉक हरवले म्हणून तार पिळून घालणे, पिनेच्या जागी हाताला लागेल तो बोल्ट घालणे, हे सर्रास चालते आणि ते अजिबात चालू देऊ नये. बारीक बोल्ट हुकात मागेपुढे खेळतो. प्रत्येक गचक्याला हातोडा बसावा तसा दणका त्याच्यावर बसतो आणि शेवटी तो मधोमध तुटतो. पिनेबरोबर साखळीही लावावी. दोन साखळ्या असतील तर त्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. पिन निसटली तरी दांडा जमिनीत न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकालाही हेच नियम लागू आहेत, पण तिथे पाहायला माणूस क्वचितच वाकतो. ट्रॅक्टरवरून तो हुक दिसत नाही.

दोन ट्रॉल्यांपैकी जड कोणती ते आधी ठरवून ती पुढे लावावी. मागची जड झाली की ती शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते आणि वेग वाढला की हेलकावा वाढतच जातो. पोती, भांडी, जळण तळाला आणि ट्रॉलीच्या मध्यापासून पुढे ठेवावे. हेलकावा सुरू झालाच तर जोरात ब्रेक मारू नये. रेस सोडून वेग आपसूक कमी होऊ द्यावा आणि स्टिअरिंग सरळ धरावे.

चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. म्हणून पुढे बंपरला लोखंडी वजने लावतात. मागच्या टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरतात ते चाकांनी जागेवर न फिरता जमीन धरावी म्हणून. ओढ नेहमी खालच्या हुकावर यावी. हुक मागच्या आसापेक्षा उंच नेला तर चढावर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे पलटण्याचा धोका असतो. पण ओढणे हा या कामाचा सोपा भाग आहे. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बहुतेक काहीही हलवतो. कसब लागते ते थांबवायला. ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन २ टनांच्या आसपास, त्याला ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि हंगामात मागे असतो २० टनांच्या आसपास ऊस. ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर जवळपास चौपट होते, म्हणून ताशी २५ च्या आत राहणाऱ्या चालकाला भित्रा म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर येताच दोन्ही पॅडल पट्टीने एकत्र जोडावेच लागतात. पट्टी सुटी राहिली आणि पाय एकाच पॅडलवर पडला, तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो आणि मागच्या ट्रॉल्या त्याला आडवा ढकलतात. दांडा तिरका होऊन ट्रॉली ट्रॅक्टरवर येते. उतारावर नेमके हेच घडते.

बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे बीडच्या चालकाला उतार चुकत नाही. धारूरचा घाट त्यात सर्वांत अवघड. धारूरकडून तेलगावकडे उतरताना रस्ता अरुंद, वळणे जवळजवळ, आणि तेलगावच्या कारखान्याकडे जाणारा ऊसही याच वाटेने येतो. मांजरसुंब्याजवळ सोलापूर-धुळे महामार्गावर रस्ता रुंद आहे, पण मागून येणारी वाहने वेगात असतात, त्यामुळे तिथे काळजी मागच्या बाजूची. घाटाचा नियम एकच: ज्या गिअरमध्ये चढले असते त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि तो गिअर उतार लागण्याआधी टाकायचा. क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून डिझेल वाचवणे हा शुद्ध आत्मघात आहे. इंजिन सुटले की वेग आवरायला फक्त दोन चाकांचे ब्रेक उरतात आणि ते काही वळणांतच तापून निकामी होतात. चढावर बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकामागे दगड लावावा आणि निघताना तो उचलून कडेला टाकावा. रस्त्यात राहिलेला दगड रात्री दुचाकीवाल्याच्या जिवावर उठतो.

घाट मागे पडल्यावर केजच्या बाजूने कळंब, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला, मिरज अशी वाट आहे. पाटोद्याकडून निघालेले जामखेड, करमाळा, टेंभुर्णी करून पंढरपूरला येतात. सपाट रस्त्यावर ताण वळणांचा असतो. मागची ट्रॉली ट्रॅक्टरच्या चाकोरीत न चालता आतून कापते, दुसरी त्याहून अधिक. म्हणून गावातल्या कोपऱ्यावर उलट्या बाजूने रुंद घेऊन वळावे आणि किन्नराने (क्लीनरने) खाली उतरून आतली बाजू मोकळी आहे का ते पाहावे. डबल ट्रॉली मागे घेणे जवळपास अशक्य असते. टर्नटेबलवर दोन दांडे दोन दिशांना वळतात आणि काही हातांतच सगळे घडी होऊन अडकते. त्यामुळे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल असाच डिझेल पंप निवडतात. अडकलेच तर दुसरी ट्रॉली सोडून एकेक काढण्याला पर्याय नाही.

पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत. नंतर प्रत्येक थांब्याला चहाआधी एक फेरी. हबच्या टोपीजवळ हाताची मागची बाजू न्यायची. आठही हब सारखे कोमट असले तर ठीक. एकच जास्त तापला असेल तर दोष त्याच चाकात.

दिवस मावळला की थांबावे. हिवाळ्यात धुके आणि अंधारात न दिसणारी ट्रॉली यांमुळे दरवर्षी माणसे मरतात. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओ आणि कारखाने लाल रिफ्लेक्टर लावायची मोहीम घेतात. ते रिफ्लेक्टर धुळीखाली झाकले गेले तर असून नसल्यासारखे, म्हणून निघताना ओल्या फडक्याने पुसावेत. भरलेला ऊस ट्रॉलीच्या मागे लोंबतो आणि रिफ्लेक्टर झाकतो, तेव्हा एक कापडी रिफ्लेक्टर उसाच्या टोकालाच बांधावा.

उरतो तो माणसांचा प्रश्न. ट्रॉली मालवाहू आहे, तीत माणसे नेण्याला कायद्याचा आधार नाही आणि अपघात झाला तर विम्याचे संरक्षणही बहुधा मिळत नाही. टोळीला हे ठाऊक असते. पण संसार आणि शेळ्या एकीकडे, आपण दुसरीकडे, हे तिला परवडत नाही, आणि वेगळ्या गाडीचे भाडे कोणी द्यायचे यावर मुकादम, मालक आणि कारखाना एकमेकांकडे बोट दाखवतात. हे भाडे करारातच धरायला हवे. सबंध हंगामाच्या उलाढालीत ते फार मोठे नाही. तोवर निदान बायका-मुलांना बसने पाठवावे, मागच्या ट्रॉलीत कोणालाही बसवू नये, आणि पुढच्या ट्रॉलीत बसणाऱ्याने फाळक्यावर किंवा दांड्यावर पाय सोडू नयेत.

कारखान्यावर पोचल्यावर ट्रॉल्या सोडताना आधी चाकांना दगड आणि मग पिन. हंगाम संपून ट्रॉली मालकाला परत करताना हब उघडून नवे ग्रीस भरावे, झालेली वेल्डिंग दाखवावी आणि कुठला टायर कधी बदलला ते कागदावर लिहून द्यावे, म्हणजे पुढच्या वर्षी ती भाड्याने नेणाऱ्याला तिची हालत कळेल.